चतकोर गोळी

मी चित्रकलेचा मास्तर आहे. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. आजची मुले तिला दहावी म्हणतात. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, शाळेत चिकटलो आणि रात्रीच्या निवांत वेळी कादंबऱ्या लिहू लागलो. दोन वर्षांपूर्वी शिक्षकदिनाच्या आदल्या दिवशी पाचवीच्या वर्गाला 'आमचे सर' हा विषय दिला. चाळीस मुलांनी चाळीस चित्रे काढली. कोणी मला मिशा दिल्या, कोणी चष्मा दिला, एका मुलीने तर हातात छडीही दिली. मी ना मिशा ठेवतो, ना चष्मा लावतो, आणि छडी हातात धरण्याचे दिवस केव्हाच गेले. पण एका बाबतीत चाळीसही चित्रकारांचे एकमत होते. माझे डोके रंगवताना कोणालाही काळ्या खडूची गरज भासली नव्हती. एका पठ्ठ्याने तर दोन डोंगरांच्या मधून उगवणाऱ्या सूर्याच्या जागी माझेच डोके काढून त्याला किरणे काढली होती! मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण किरणे सारख्या अंतरावर नव्हती.

हे चित्र मी घरी आणले तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. हसला नाही तो एकटा माझा पुतण्या. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता, गावातल्याच बँकेत नोकरीला होता, आणि त्याच्या कपाळाची सीमा महिन्यागणिक मागे सरकत होती. मी आपला हसतच म्हणालो, "तू अगदी आमच्या वळणावर गेलास हो!" तो काही न बोलता उठून आत गेला. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. पुढे फार वाटले. ते कसे, तेच आज सांगावयाचे आहे.

आमच्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. वय त्या साली अठ्ठ्याहत्तर. जन्मभर एका सहकारी सोसायटीत हिशेब लिहिले, तेव्हा पैचीही चूक त्यांना खपत नाही. म्हातारपणी पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि लघवीला त्रास होतो. तो त्रास त्यांना काही वर्षांपासून आहे. त्यासाठी डॉक्टरांनी फिनास्टेराइड नावाची पाच मिलिग्रॅमची गोळी दिली आहे, रोज रात्री एक. ती आणण्याचे काम माझ्याकडे. त्या साली श्रावण सरता सरता अप्पांनी मला हाक मारली. पुढ्यात वही होती.

"महिन्याच्या गोळ्या किती आणतोस?"

"तीस."

"मी रोज किती घेतो?"

"एक."

"मग या महिन्यात चोविसाव्या दिवशी डबी रिकामी. गेल्या महिन्यातही चोविसाव्या दिवशीच. पंचांग बदललं की काय?"

मला वाटले, औषधाच्या दुकानदाराने मोजण्यात घोळ केला असावा. मी तरातरा दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याला दोन शब्द सुनावले. त्या बापड्याने शांतपणे माझ्यासमोर दहा दहा गोळ्यांच्या तीन पट्ट्या मोजून दिल्या. मी मुकाट्याने घरी आलो. त्याची क्षमा मागायला पुढे मला पुन्हा जावे लागले, ते वेगळेच.

उलगडा झाला तो गौरी जेवणाच्या दिवशी. घर पाहुण्यांनी गजबजलेले. मी पाण्याचा तांब्या भरून घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तो कोपऱ्यात सूनबाई, म्हणजे पुतण्याची बायको, वर्तमानपत्राचा कागद पसरून बसलेली. तिला तिसरा महिना चालू होता. हातात अप्पांचा सुपारीचा अडकित्ता, कागदावर पांढरा चुरा, आणि शेजारी गोळ्यांचे नीट मांडलेले चतकोर.

"हे काय चालवलंयस?"

"काही नाही काका, ह्यांच्या गोळ्या. केसांसाठीची छोटी गोळी महाग पडते. औषध तेच, आजोबांच्या मोठ्या गोळीचे चार केले की भागतं, असं ह्यांना कोणीतरी सांगितलं. आजोबांना उगीच सांगू नका हं. ह्यांच्या हातून चुरा होतो, म्हणून मी कापून देते."

पाच मिलिग्रॅमचे चार भाग, म्हणजे दर दिवसाला सव्वा. चार दिवसांत अप्पांची एक गोळी जास्त. तीस गोळ्या चोवीस दिवसांत संपणारच! हिशेब चोख होता. पण त्या क्षणी मला हिशेब सुचला नाही. मी एकदम ओरडलो, "ठेव तो अडकित्ता! आधी ऊठ आणि हात धू!"

पाहुणे धावत आले. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. सुपारीच्या अडकित्त्यावरून चुलतसासरा एवढा का खेकसतो, हे तिला कळेना. मी असा का ओरडलो हे सांगायचे, तर वाचकहो, मला तुम्हाला साडेतीन हजार वर्षे मागे न्यावे लागेल. घाबरू नका, फराळाचे ताट जवळ घेऊन बसा, वाट फार अवघड नाही.

कर्मधर्मसंयोग असा, की त्या दिवसांत मी एक कादंबरी लिहीत होतो. तिचा नायक गावोगाव केशतेल विकत हिंडणारा विक्रेता, आणि स्वतः ठार टकला. त्या पात्रासाठी मी टकलाचा इतिहास वाचीत होतो. तो वाचता वाचता लक्षात आले, की माणसाला जितके दिवस लिहिता येते आहे, तितके दिवस तो टकलावर औषध लिहून ठेवतो आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० साली लिहिलेली वैद्यकाची एक लांबलचक गुंडाळी आहे. जर्मन पंडित एबर्स याने ती गेल्याच्या मागच्या शतकात मिळवली, म्हणून तिला एबर्स पपायरस म्हणतात. तीत टकलावर एक लेप दिला आहे: सिंह, पाणघोडा, मगर, साप अशा प्राण्यांची चरबी एकत्र करून डोक्याला चोळावी. केस येवोत न येवोत, चरबी गोळा करणाऱ्याच्या शौर्याची कसोटी मात्र खचित लागत असेल!

आपल्याकडे सुश्रुताने या विकाराला इंद्रलुप्त आणि खालित्य अशी नावे दिली आणि त्याची उपपत्तीही सांगितली. वाताबरोबर पित्त केसांच्या मुळांशी जाते आणि केस गळतात. मग रक्तासह कफ ती मुळे बुजवून टाकतो, म्हणून तेथे दुसरे केस उगवत नाहीत. पित्त-कफाची भाषा बाजूला ठेवली तरी, केस गळणे आणि नवा केस न उगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या वैद्याने बरोबर हेरले होते. आपल्या आज्या माक्याचे तेल कढवीत आल्या, जास्वंद वाटत आल्या. त्याने डोके थंड राहिले, केस मऊ राहिले. पण आजोबांचे टक्कल होते तेथेच राहिले.

ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिस झाला. त्याच्या नावावरच्या सूत्रांत एक बारीक निरीक्षण आहे: षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. ॲरिस्टॉटलनेही हेच लिहिले, आणि वयात येण्याआधी कोणालाच टक्कल पडत नाही अशी पुस्ती जोडली. म्हणजे किल्ली सापडली होती. पण कुलूप कोठे आहे हे कळायला तेवीसशे वर्षे जायची होती. तोपर्यंत थोरामोठ्यांनी झाकपाक करून दिवस काढले. रोमचा जूलियस सीझर मागचे विरळ केस पुढे वळवून विंचरीत असे. रोमच्या सभेने त्याला जे अनेक मान दिले, त्यांत सदासर्वदा डोक्यावर पानांचा मुकुट घालण्याचा मान त्याला सर्वांत आवडला, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनियस लिहून गेला आहे. निम्मे जग जिंकणाऱ्या पुरुषाला वाऱ्याची झुळूक भिववीत होती!

आमचे पेशवाईतले पूर्वज या बाबतीत अधिक सुखी. डोके भादरून घेरा ठेवायचा आणि वर पगडी चढवायची, अशी रीतच असल्यावर कोणाचे टक्कल देवाचे आणि कोणाचे न्हाव्याचे, हे कोण ओळखणार? पगडी गेली, मग टोपीही गेली, आणि टक्कल उघड्यावर आले. माझ्या पुतण्याचे दुःख हे पगडी गेल्यानंतरचे दुःख आहे.

आता कुलपाकडे येऊ. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांच्या पुरुषग्रंथी निरनिराळ्या कारणांनी लहानपणीच निकामी झाल्या किंवा काढाव्या लागल्या, अशा पुरुषांची त्याने पाहणी केली. त्यांना टक्कल नव्हते. त्यांतल्या काहींना पुरुषरस, म्हणजे टेस्टोस्टेरोन, दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. औषध थांबवले की गळणे थांबे. पण गेलेले केस परत येत नसत. तात्पर्य, टकलाला दोन गोष्टी लागतात: घराण्याचा वारसा आणि पुरुषरस. एक नसेल तर दुसरी काही करू शकत नाही. पुढे १९५१ साली याच हॅमिल्टनने टकलाच्या पायऱ्या आखून दिल्या. १९७५ साली नॉरवुड या डॉक्टरने त्या सुधारल्या, आणि आजही जगभरचे डॉक्टर त्यांच्यावरच बोट ठेवून रोग्याला तो कितव्या पायरीवर आहे ते सांगतात. मी शेवटच्या पायरीवर आहे. तेथून पुढे जिना नाही.

ज्ञान तर झाले, पण केसांपायी पुरुषत्व कोण देणार? म्हणून औषधाचा रस्ता अडून राहिला. तो उघडला दोन आडवाटांनी, आणि दोन्ही वाटांवर चालणारे लोक केस शोधायला निघालेलेच नव्हते.

पहिली वाट रक्तदाबाची. अपजॉन नावाची अमेरिकन कंपनी पोटातल्या व्रणावर औषध शोधीत होती. त्या खटाटोपात हाती आलेली द्रव्ये व्रणाला लागू पडेनात, पण रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब मात्र झपाट्याने खाली आणीत. त्यांतूनच मिनॉक्सिडिल निघाले. कोलोरॅडो विद्यापीठातले डॉक्टर चार्ल्स चिडसी ते रोग्यांना देऊन पाहत असताना विचित्र प्रकार दिसला: रोग्यांच्या हातांवर, चेहऱ्यावर केस उगवू लागले, बायकांच्याही. चिडसींनी गिंटर कान या त्वचारोगाच्या डॉक्टरचा सल्ला घेतला. हा कान मूळचा जर्मनीतला. हिटलरच्या छळातून निसटून अमेरिकेत आलेल्या ज्यू घराण्यातला. त्याने आणि त्याचा तरुण सहकारी पॉल ग्रँट याने त्या औषधाचे पाणी करून आपल्याच अंगावर लावून पाहिले. लावले तेथे केस उगवले! पण औषध कंपनीचे, तेव्हा शोध कोणाचा म्हणायचा यावर वर्षानुवर्षे वाद चालला, आणि १९८६ साली पेटंटावर चिडसींच्या जोडीला कानचे नाव लागले. वर्गात एकाने चित्र काढावे आणि खाली दुसऱ्याने नाव घालावे, असे तंटे मास्तराला रोजच सोडवावे लागतात. मला कानविषयी फार आपलेपणा वाटला.

मिनॉक्सिडिलची गोळी १९७९ साली लोनिटेन नावाने अमेरिकेत रक्तदाबासाठी मंजूर झाली. टकलासाठी चोळायचे पाणी १९८८ साली मंजूर झाले. कंपनीला नाव हवे होते रीगेन, म्हणजे 'परत मिळवा'. सरकारी खाते म्हणाले, एवढे वचन नको. म्हणून तेथे ते रोगेन झाले. वचन नको म्हणणारे शहाणेच म्हणायचे. चाचणीत चार महिन्यांनी औषध लावणाऱ्यांपैकी २६ टक्के पुरुषांनी सांगितले, की आम्हाला मध्यम ते दाट केस आले. आणि मौज अशी, की ज्यांना औषधाविना नुसतेच पाणी दिले होते, त्यांतले ११ टक्केही तेच म्हणाले! आशेलाही केस फुटतात ते असे. १९९६ पासून ते अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळू लागले. मात्र लावणे सोडले, की काही महिन्यांत आलेले केस निघून जातात.

दुसरी वाट मात्र एका खेड्यातून गेली, आणि माझ्या ओरडण्याचे कारण त्या खेड्यात आहे.

वेस्ट इंडीज बेटांत डोमिनिकन प्रजासत्ताक नावाचा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्येला सालिनास नावाचे गाव आहे. या गावात काही कुटुंबांत अशी मुले जन्मत, की जन्मतः पाहावे तर मुलगी. नाव मुलीचे, झगा मुलीचा, वाढही मुलीसारखीच. मग बाराव्या-तेराव्या वर्षी आवाज फुटे, खांदे रुंदावत, आणि ती मुलगी डोळ्यांदेखत मुलगा होई. गावाच्या बोलीत अशा मुलांना गेवेदोसे म्हणत. शब्द थोडा ग्राम्य आहे. बाराव्या वर्षी पुरुष होणारा, एवढा अर्थ घरच्या मंडळींना पुरे. कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉक्टर ज्युलियान इंपेराटो-मॅकगिन्ली या बाई तेथे गेल्या, त्यांनी या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९७४ साली निबंध प्रसिद्ध केला.

कोडे असे सुटले. टेस्टोस्टेरोन हा रस शरीरात काही ठिकाणी एका विरजणामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, डीएचटी नावाच्या अधिक जहाल रसात पालटतो. आईच्या पोटात मुलग्याची बाहेरची इंद्रिये घडतात ती या डीएचटीमुळे. सालिनासच्या या मुलांत ते विरजण वारशानेच निकामी होते. म्हणून पोटातली घडण अपुरी राही. पुढे वयात येताना टेस्टोस्टेरोनचा पूर आला, की उरलेले काम तो करी. हे पुरुष मोठे झाल्यावर डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहिली होती. आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे हटलेले नव्हते.

हॅमिल्टनचे कुलूप येथे उघडले. खरा वैरी टेस्टोस्टेरोन नव्हे, डीएचटी! ज्यांच्या वारशात टक्कल आहे, त्यांच्या माथ्यावरच्या केसांची मुळे या रसाला बळी पडतात. केसाचा वाढीचा काळ एरवी काही वर्षांचा. तो आखडत जातो, केस बारीक होत होत लव होतो आणि शेवटी लवही दिसेनाशी होते. कानांच्या वरचे आणि मागचे केस या रसाला जुमानत नाहीत, म्हणून माझ्यासारख्याच्या डोक्याला झालर तेवढी उरते.

मर्क या अमेरिकन औषध कंपनीत १९७५ साली रॉय व्हेजेलॉस हे संशोधनाचे प्रमुख झाले. सालिनासची हकीकत वाचून त्यांनी ताडले: हे विरजण मोठ्या माणसात औषधाने रोखता आले, तर प्रोस्टेट वाढणार नाही. त्यातून फिनास्टेराइड तयार झाले. १९९२ साली पाच मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी मंजूर झाली, आणि १९९७ च्या डिसेंबरात एक मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी. अप्पांची रात्रीची गोळी आणि पुतण्याचा चतकोर एकाच घराण्यातले निघाले, ते असे.

आता माझ्या ओरडण्याचे कारण तुमच्या ध्यानात आलेच असेल. जी गोळी सालिनासच्या मुलांची स्थिती मुद्दाम, औषधाने आणते, तिचा चुरा गरोदर बाईच्या बोटांवर! पोटात मुलगा असेल, आणि त्या नाजूक दिवसांत औषध पुरेशा प्रमाणात अंगात गेले, तर त्याच्या घडणीत तसाच दोष राहू शकतो. म्हणून गरोदर स्त्रीने या फुटलेल्या गोळीला हात लावू नये, असे औषधाच्या माहितीपत्रकात बजावलेले असते. अख्ख्या गोळीला वरून लेप असतो. अडकित्त्याने तो लेपच फोडला होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे प्रसूतितज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "बोटाला लागलेला चुरा फार थोडा असतो, त्यातून अंगात जाणार ते आणखी थोडं. घाबरून जाऊ नका. पण यापुढे त्या गोळीला हात लावायचा नाही." त्या धीराने घरी परतलो खरे, पण मला झोप येईना. पोटात मुलगा की मुलगी हे विचारायचे नसते. कायद्यानेच ते बंद आहे, आणि योग्य कारणांसाठी बंद आहे. तेव्हा वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वाटेत सूनबाईने मला विचारले होते, "काका, मला सगळं नीट सांगा. कशाला भ्यालात तुम्ही?" मी आधी टाळाटाळ केली. मग वाटले, हिच्या पोटातल्या जिवाची गोष्ट हिच्यापासून चोरायची कशी? मी सालिनासची हकीकत सांगितली. ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती पोरं पुढे सुखी झाली का हो?"

एवढे वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. १९७९ च्या निबंधात आहे तेवढे मी सांगितले: मुली म्हणून वाढलेल्या ज्या अठराजणांची पुरती माहिती मिळाली, त्यांतले सतराजण पुढे स्वतःला पुरुष मानू लागले आणि सोळाजण पुरुष म्हणूनच जगू लागले. गावात त्यांच्यासाठी एक शब्द होता. म्हणजे गावाला ती ठाऊक होती. "म्हणजे गावानं ओळखलं तरी," ती म्हणाली, आणि तिने पदराने डोळे पुसले.

त्या रात्री पुतण्या गच्चीवर एकटाच उभा होता. मी रागानेच गेलो होतो. अप्पांच्या गोळ्या चोरल्या, डॉक्टरला विचारले नाही, पोटुशा बायकोला चुरा करायला बसवले, सगळे ऐकवायचे ठरवले होते. त्याने मला बोलूच दिले नाही. म्हणाला, "काका, चुकलो. मला ठाऊक नव्हतं. पण तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्हाला केस होते. मला दोन ठिकाणांहून नकार आला तो केसांवरून. हिनं हो म्हटलं, आणि मला सारखं वाटायचं, हिला लोकांनी हसू नये. बँकेत माझ्याहून मोठी माणसं मला काका म्हणतात. आणि घरी तुम्ही सगळे..."

त्याने वाक्य पुरे केले नाही. मला सूर्याचे ते चित्र आठवले. आपल्या टकलावर आपण हसावे, तो आपला हक्क. पण तोच विनोद सत्तावीस वर्षांच्या पोराच्या माथी मारण्याचा हक्क मला कोणी दिला होता? गोळी चोरली त्याने, पण ती लपून घेण्याची पाळी आमच्या हसण्याने आणली होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "उद्या साताऱ्याला जाऊ. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू. उजळ माथ्याने जाऊ." माथा उजळ म्हणताच आम्ही दोघेही नको तेव्हा हसलो.

डॉक्टरीणबाई फटकळ पण समजुतीच्या. त्यांनी काही लपवले नाही. त्यांनी एका मोठ्या चाचणीची गोष्ट सांगितली. तीत अठरा ते एक्केचाळीस वर्षांचे १५५३ पुरुष होते. माथ्यावरच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळात सरासरी ८७६ केस मोजले. दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांचे केस, नकली गोळी घेणाऱ्यांच्या मानाने, १३८ ने अधिक भरले. म्हणजे जंगल उगवत नाही, पण आहे ते राखले जाते. परिणाम दिसायला काही महिने लागतात, आणि गोळी सोडली की वर्षभरात मिळवलेले जाते. "आता दुसरी बाजू ऐका," त्या म्हणाल्या. चाचण्यांत वैवाहिक सुखाच्या तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के होत्या, नकली गोळीवाल्यांत २.१ टक्के. बहुतेकांचे गोळी थांबवली की ठीक होते. पण थांबवूनही तक्रार राहिल्याचे काहींनी कळवले, म्हणून अमेरिकेत २०१२ साली पत्रकात तशी भर घातली गेली. मन उदास होते का, याकडेही लक्ष ठेवायला त्यांनी बजावले. पुढे २०२५ साली युरोपच्या औषध खात्याने, आत्महत्येचे विचार येणे हा या गोळीचा एक दुष्परिणाम असल्याचे पक्के केले, हे वाचले तेव्हा मला त्या बाईंचे शब्द आठवले. पाकिटावर लाल रेघ असते आणि चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापलेले असते, ते उगीच नव्हे. चिठ्ठी म्हणजे नुसता कागद नसतो; तुमच्याकडे पाहून कोणीतरी दोन प्रश्न विचारले आहेत, याची ती पावती असते.

पुतण्याने विचार करायला वेळ घेतला. बाळ होईपर्यंत काहीच नको, असे ठरवले. त्यानंतर रीतसर चिठ्ठी घेऊन त्याने एक मिलिग्रॅमची अख्खी गोळी सुरू केली. ती तो बँकेतल्या आपल्या कुलपाच्या खणात ठेवतो. केस परत आले म्हणाल, तर थोडे. कपाळाची सीमा मात्र आता आहे तेथे थांबली आहे. दर सहा महिन्यांनी तो डॉक्टरीणबाईंकडे जातो, आणि काही जाणवले तर सोडून द्यायची त्याची तयारी आहे. "सोडली तरी चालेल आता," असे तो परवा म्हणाला. हे 'आता' मला फार मोलाचे वाटले.

मी त्याच भेटीत सहज माझे डोके पुढे केले होते. बाईंनी पाहिले न पाहिलेसे करून म्हटले, "मास्तर, तुमचा लावणीचा हंगाम गेला." अप्पांना ही सगळी कथा सांगितली तेव्हा त्यांनी गोळ्यांच्या चोरीबद्दल नातवाला एका शब्दानेही रागे भरले नाही. त्यांचे दुःख निराळेच होते. "हीच गोळी मी पाच पट घेतो, तर माझ्या डोक्यावर एकही केस का नाही?" मी समजावले, की मुळे पार निजून गेल्यावर पहारेकरी ठेवून उपयोग नसतो. त्यांना ते हिशेबात बसले नाही.

फाल्गुनात सूनबाई बाळंत झाली. मुलगा झाला. बालरोगतज्ज्ञांनी नखशिखांत तपासले आणि म्हणाले, सर्व काही जेथल्या तेथे, उत्तम. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि माझे पाय लटपटत होते, हे मला तेव्हा कळले. ज्यांचा मी कधी चेहरा पाहिला नाही, अशा सालिनासच्या त्या पोरांची मला तेथे आठवण झाली. औषधाच्या पाकिटावर कंपनीचे नाव असते, किंमत असते, तारीख असते. त्या गावाचे नाव नसते. निदान आमच्या घरात ते नाव ठाऊक आहे.

यंदा अक्षय तृतीयेला बाळाचे जावळ काढले. मामाच्या मांडीवर बसून त्याने आकाशपाताळ एक केले. न्हाव्याने काम पुरे केले, आणि तुळतुळीत डोक्याचा तो चिमुकला अप्पांच्या मांडीवर आणून ठेवला. शेजारी मी. तीन पिढ्यांची तीन डोकी, तिन्ही उन्हात लखलखणारी. पुतण्याने फोनवर छायाचित्र टिपले आणि तो स्वतःच म्हणाला, "अरे, मीच एकटा वेगळा दिसतोय!" आणि मोकळेपणाने हसला. या खेपेला त्याच्यामागून आम्ही हसलो.

अप्पांनी हसता हसता कमरेची चंची सोडली, सुपारी काढली आणि अडकित्ता हातात घेतला. तो आता त्यांच्या उशाशी, किल्लीच्या डब्यात असतो. कातरताना त्यांनी सुनेकडे पाहून दटावले, "हा फक्त सुपारीसाठी हं!"

गोळ्या आता तीस दिवस पुरतात.